टर्बो गाडी ट्यून करताना एमएएफ सेन्सर कुठे हात टेकतो

बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वाढवला, टर्बो मोठा घातला आणि वरच्या आरपीएमला गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जायला लागली, की नवशिक्याचा पहिला संशय फ्युएल पंपावर जातो. पंप बदलतात, मग इंजेक्टर बदलतात, आणि गाडी तरीही लीनच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. अशा वेळी पुष्कळदा पेट्रोल कमी पडलेलं नसतंच. ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) ते मागितलेलंच कमी असतं, कारण आत हवा किती आली याचा त्याला पत्ताच नसतो. हवेचा हिशेब देणारा एमएएफ (मास एअर फ्लो) सेन्सर आपल्या वरच्या टोकाला जाऊन थांबलेला असतो.

हे टोक एकच नसतं, ही यातली खरी गोम. सेन्सरच्या व्होल्टेजचं एक, ईसीयूतल्या टेबलचं दुसरं आणि ईसीयू जो ‘लोड’ (दर फेरीला किती हवा) काढतो त्याचं तिसरं. पहिलं गाठलं असेल तर पाईप कापावा लागतो. दुसरं किंवा तिसरं गाठलं असेल तर लॅपटॉपवर काम भागतं. म्हणून खिशात हात घालण्याआधी आपण नेमकं कुठे अडलोय ते शोधायचं.

उदाहरणाला सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय घेतो, २००४ नंतरची २.५ लीटर टर्बो. भारतात ती क्वचितच दिसेल, पण अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे राहणाऱ्या गाडीवेड्या मराठी मंडळींना ती चांगली ठाऊक असते. शिवाय तिचं सगळं गणित एमएएफवर चालतं आणि रॉमरेडरसारखी फुकट सॉफ्टवेअर वापरून तिच्या ईसीयूत डोकावता येतं. शिकायला याहून सोयीची गाडी नाही.

पायरी १: आपल्या गाडीत एमएएफ आहे का, तो कुठल्या जातीचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. भारतात मिळालेल्या पोलो आणि व्हेंटोच्या १.२ टीएसआयमध्ये एमएएफ नाहीच. तिथे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब आणि तापमान यांवरून हवा मोजली जाते. उलट २००४च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या १.८ टर्बोच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये बॉशचा एमएएफ आहे. डिझेल गाड्यांत एमएएफ सर्रास असतो, पण त्याचं काम मुख्यतः ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) सांभाळणं आणि धूर आटोक्यात ठेवणं. डिझेलवाल्यांना या लेखातला लॉग वाचण्याचा भाग कामाला येईल, पुढचे इंधनाचे हिशेब मात्र लागू होणार नाहीत.

एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणारा पाईप पाहा. त्यावर चार ते सहा वायरींचा सॉकेट असलेला छोटा सेन्सर खोचलेला दिसला, तर तो एमएएफ. आजकाल बहुतेक ठिकाणी हॉट वायर किंवा हॉट फिल्म जातीचा असतो: तापवलेली बारीक तार किंवा फिल्म, तिच्यावरून जाणारी हवा तिला थंड करते, आणि तिचं तापमान टिकवायला जितका करंट लागतो त्यावरून हवेचं वस्तुमान कळतं. वस्तुमान, आकारमान नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण उंचीचा आणि हवामानाचा हिशेब तो याच गुणामुळे आपोआप करतो. जुन्या गाड्यांत हवेने ढकलल्या जाणाऱ्या झडपेचा सेन्सर असायचा, आणि मित्सुबिशीने बरीच वर्षं हवेतले भोवरे मोजणारा कारमान जातीचा सेन्सर वापरला. तो व्होल्ट नव्हे, हर्ट्झ देतो. एसटीआयचा हॉट वायर, ० ते ५ व्होल्टचा.

पायरी २: कागदावर अंदाज बांधा

लॉग घ्यायच्या आधी पाच मिनिटं कॅल्क्युलेटर काढा. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. २,४५७ सीसीचं इंजिन ६,००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला साधारण १२३ लीटर. आता बूस्ट १.२ बार धरा, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये एकूण दाब २.२ बार. इंटरकूलरनंतर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) हवा ४० अंश सेल्सिअस असेल तर तिची घनता लीटरला सुमारे २.४५ ग्रॅम येते. इंजिन प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही, म्हणून ९५ टक्के घ्या. गुणाकार करा: सेकंदाला साधारण २८६ ग्रॅम.

एसटीआयच्या मूळ व्यवस्थेचं टोक सेकंदाला ३०० ग्रॅमच्या आसपास आहे. बूस्ट १.४ बारवर न्या, तोच हिशेब ३१२ वर पोचतो. म्हणजे ०.२ बारचा फरक आणि आपण कुंपणाच्या पलीकडे! फोर्ज्ड पिस्टन, मोठा टर्बो वगैरे बाजूलाच राहिलं. उत्साहाच्या भरात केलेला साधा ट्यूनही इथे पोचतो.

अमेरिकी मंडळी हवा पाउंड प्रति मिनिटात बोलतात. १ पाउंड प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ७.५६ ग्रॅम, आणि तेवढ्या हवेत क्रँकवर ढोबळमानाने १० हॉर्सपॉवर निघते. ३०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ ४० पाउंड, अर्थात ४००च्या आतबाहेरची ताकद. कुणी मूळ एमएएफवर ‘पाचशे घोडे काढले’ म्हणून सांगितलं, तर त्याला लॉग मागा.

पायरी ३: गळती आधी

गळक्या पाईपवर एमएएफचं स्केल (कुठल्या व्होल्टला किती ग्रॅम हवा, ते टेबल) बसवणं म्हणजे पुढच्या सगळ्या कामावर पाणी. एमएएफ आणि टर्बोच्या मध्ये भोक असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि गाडी लीन जाते. टर्बोच्या पुढे, म्हणजे इंटरकूलरच्या होसला किंवा क्लॅम्पला गळती असेल, तर मोजलेली हवा बूस्टमध्ये बाहेर निसटते आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त) जाते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर अडकलेला दाब मोकळा करणारा) हवा बाहेर सोडणारा लावला असेल तर गिअर बदलताना काळा धूर येतो तो याच कारणाने: ईसीयूने ती हवा आधीच मोजून तिच्यासाठी पेट्रोल देऊन ठेवलेलं असतं. आवाजासाठी हा व्हॉल्व्ह बसवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एमएएफवर चालणाऱ्या गाडीत मी मूळचा, हवा परत पाईपात सोडणाराच ठेवीन.

टर्बोच्या तोंडाला टोपी लावून कॉम्प्रेसरने हळूहळू दाब भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फुगे दिसले की गळती सापडली. दाब नेहमीच्या बूस्टपेक्षा वर नेऊ नका, आणि टोपीच्या समोर तोंड करून उभे राहू नका. ती सुटली तर गोळीसारखी येते.

सेन्सरही तपासा. तेल लावलेला कॉटनचा फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं असेल, तर ते तारेवर जाऊन बसतं आणि सेन्सर हवा चुकीची सांगू लागतो. तो एमएएफ क्लीनरनेच धुवा. कार्ब क्लीनर वापरू नका, आणि तारेला कापूस, ब्रश, बोट काहीही लावू नका.

पायरी ४: लॉग

वाइडबँड ओटू सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रण अचूक मोजणारा) नसेल तर इथेच थांबा. मूळच्या पुढच्या सेन्सरच्या भरवशावर पूर्ण थ्रॉटलचं ट्यूनिंग करणं म्हणजे जुगार.

लॉगमध्ये हे हवंच: आरपीएम, थ्रॉटल, एमएएफचे व्होल्ट, एमएएफचे ग्रॅम प्रति सेकंद, लोड, बूस्ट, वाइडबँडचा एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा चढला की मिश्रण लीन), इंजेक्टर ड्यूटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा), इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते), नॉकची (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांची) दुरुस्ती आणि इनटेकचं तापमान. व्होल्ट आणि ग्रॅम दोन्ही हवेत. नवशिके फक्त ग्रॅम घेतात आणि मग कुठलं टोक गाठलं ते सांगता येत नाही. मोबाइलवरचं साधं ओबीडी अॅप इथे चालणार नाही, ते फार सावकाश वाचतं. सुबारूसाठी टॅक्ट्रिक्सची ओपनपोर्ट केबल आणि रॉमरेडरचा लॉगर ही नेहमीची जोडी.

एक पुल घ्या: चौथा गिअर, २,५०० पासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटल. डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर). एक्सप्रेसवेवर नाही, चौथ्या गिअरला रेडलाइन म्हणजे वेग किती होतो ते एकदा मोजून बघा. नॉक दिसला किंवा एएफआर १२च्या वर चढायला लागला तर लगेच पाय काढा, पुल पूर्ण करायचा हट्ट नको.

पायरी ५: सपाट रेघ शोधा

आता लॉग ग्राफवर टाका. तीन प्रकारची सपाटी दिसू शकते.

व्होल्ट ४.९ ते ५च्या आसपास जाऊन आडवे झाले, तर सेन्सरच संपला. ईसीयूत काहीही केलं तरी जी माहिती येतच नाही ती मिळणार नाही.

व्होल्ट वाढतायत पण ग्रॅम आडवे, तर सेन्सरमध्ये अजून दम आहे, ईसीयूने त्याचं बोलणं कापलंय. हे जरा जवळून पाहू. समजा लॉगमध्ये असं दिसतं:

५,६०० आरपीएम: ४.५८ व्होल्ट, ३०० ग्रॅम, एएफआर ११.१
५,९०० आरपीएम: ४.६५ व्होल्ट, ३०० ग्रॅम, एएफआर ११.४
६,२०० आरपीएम: ४.७१ व्होल्ट, ३०० ग्रॅम, एएफआर ११.८

व्होल्ट चढतायत, म्हणजे हवा वाढतेय. ग्रॅम ३००ला खिळलेत, म्हणून पेट्रोलही खिळलंय. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच, की एएफआर ११.१ वरून ११.८, म्हणजे खरी हवा सहा टक्क्यांनी वाढून ३१८-३१९ ग्रॅम झालीय आणि ती हिशेबात नाही.

पण लीन जाणं हे यातलं अर्धंच संकट. लोड कसा काढतात पाहा: ग्रॅम गुणिले ६० भागिले आरपीएम, म्हणजे दर फेरीला किती ग्रॅम हवा. ५,६०० ला ३.२१ येतो, ६,२०० ला त्याच ३०० ग्रॅममुळे २.९०. ईसीयूला वाटतं इंजिनावरचा ताण उतरतोय, म्हणून तो टायमिंगच्या टेबलात हलक्या लोडच्या रकान्याकडे सरकतो आणि टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. प्रत्यक्षात बूस्ट तिथेच आहे. म्हणजे मिश्रण लीन, वर टायमिंग अॅडव्हान्स, आणि हे दोन्ही अगदी सर्वाधिक उष्णतेच्या जागी. ईजे२५च्या, म्हणजे एसटीआयच्या या इंजिनाच्या पिस्टनचे रिंगलँड (रिंगांच्या मधल्या कडा) तुटण्यासाठी एवढं पुरेसं आहे. म्हणूनच ‘एएफआर थोडासाच लीन आहे, पेट्रोल थोडं वाढवून देतो’ हा उपाय मला पटत नाही. पेट्रोलच्या टेबलात भर घालून एएफआर जागेवर येईल. टायमिंग मात्र चुकीच्याच रकान्यातून येत राहील.

तिसरी सपाटी: व्होल्ट आणि ग्रॅम दोन्ही वाढतायत, पण लोडच ठरावीक आकड्यावर अडलाय. सुबारूत लोडला स्वतंत्र कमाल मर्यादा असते.

यातलं काहीच नाही आणि तरी लीन? तर मग पंप, इंजेक्टर, फिल्टर. आता म्हशीलाच औषध.

पायरी ६: ईसीयूतली मर्यादा उठवणं

दुसरी आणि तिसरी सपाटी पैसे न खर्चता सुटते. रॉमच्या (ईसीयूतल्या प्रोग्रॅमच्या) व्याख्येत ‘एमएएफ लिमिट’ आणि ‘इंजिन लोड लिमिट’ अशी टेबलं सापडतात. ती वर न्या. मूळ रॉमची प्रत आधी जपून ठेवा. नंतर टायमिंग आणि पेट्रोलच्या नकाशांत लोडचा शेवटचा रकाना किती आहे ते बघा. लोड ३.४ वर जाणार आणि नकाशा ३.० लाच संपत असेल, तर ईसीयू शेवटच्याच रकान्यातला आकडा वापरत राहील. अक्ष ताणून वरच्या रकान्यांत टायमिंग कमी करत न्या, मग पुल घ्या.

एक मोह टाळा: व्होल्टेज क्लॅम्प किंवा ‘फ्युएल कट डिफेंडर’ नावाने विकल्या जाणाऱ्या डब्या. फ्युएल कट (बूस्ट फार झाला की ईसीयूने पेट्रोल तोडणं) बसू नये म्हणून त्या डब्या सेन्सरचा आवाजच दाबतात. म्हणजे वर पाहिलेली सपाट रेघ तुम्ही पैसे देऊन विकत घेता.

पायरी ७: सेन्सर संपला असेल तर मोठं हाउसिंग

सेन्सर तोच, नळी रुंद. तेवढीच हवा रुंद नळीतून सावकाश जाते, तारेला कमी थंड करते, व्होल्ट कमी येतात आणि वर जागा मोकळी होते. ऑडी एस४च्या २.७ बायटर्बोला लोक आरएस४चं हाउसिंग लावतात ते यासाठीच; निस्सानवाल्यांत ३००झेडएक्सचा, म्हणजे झेड३२चा एमएएफ लावायची जुनी रीत आहे, पण तिथे सेन्सरच वेगळा येतो.

नव्या स्केलची सुरुवात क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने करतात. आतला व्यास ६५ मिमीवरून ७५ मिमी केला तर ७५ भागिले ६५चा वर्ग, १.३३. म्हणजे टेबलातला प्रत्येक आकडा ३३ टक्क्यांनी वाढवायचा. ही फक्त सुरुवात. हवा नळीत सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. कोपरा, फिल्टरचा आकार, सेन्सरची खोली यांनी आकडा हलतो. शक्य तितका सरळ तुकडा सेन्सरच्या आधी ठेवा, कोपऱ्याला लागून सेन्सर बसवू नका, आणि हवेच्या दिशेचा बाण पाहा. स्वस्तातल्या इनटेक किटमध्ये एमएएफचा बॉस (सेन्सर बसवायची बैठक) थोडा तिरका वेल्ड केलेला असतो. घेण्याआधी आतून डोकावून बघा.

मग दुरुस्ती. आयडल आणि क्रूझला ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये असतो, म्हणजे ओटू सेन्सर बघून पेट्रोल स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिमची (या दुरुस्तीच्या टक्क्यांची) बेरीज बघा. एखाद्या व्होल्टला बेरीज अधिक ८ टक्के असेल तर त्या ठिकाणचा आकडा ८ टक्के वाढवा. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँड: मोजलेला एएफआर भागिले मागितलेला एएफआर. मागितला ११.२, मिळाला ११.८, तर तिथला आकडा १.०५ पट. बदल केल्यावर वक्र गुळगुळीत राहिला पाहिजे, मध्येच खड्डा किंवा उंचवटा दिसला तर तो लॉगमधला गोंधळ (नॉइज) आहे, हवा नव्हे.

मोठ्या हाउसिंगची किंमत खाली मोजावी लागते. आयडलला व्होल्ट इतके कमी होतात की छोट्याशा हेलकाव्यानेही गाडी डुलते. म्हणून ‘एकदाच काय ते सगळ्यात मोठं घेऊ’ हा विचार करू नका.

आणि इंजेक्टर आणि एमएएफ एकाच दिवशी बदलू नका. दोन्हींची चूक एएफआरमध्ये सारखीच दिसते. इंजेक्टरची चूक तुम्ही एमएएफच्या टेबलात भरून टाकली, तर लोड चुकेल आणि टायमिंगही.

पेट्रोलचा हिशेब इथेच करा. ३०० ग्रॅम हवा, एएफआर ११.२, म्हणजे सेकंदाला सुमारे २६.८ ग्रॅम पेट्रोल. घनता ०.७४ धरली तर मिनिटाला २,१७० सीसी, चार इंजेक्टरना वाटून प्रत्येकी ५४३. एसटीआयचे मूळ इंजेक्टर ५५० सीसीच्या आसपासचे. म्हणजे एमएएफ संपतो तिथेच इंजेक्टरही जवळपास पूर्ण उघडे राहतात. ८५ टक्के ड्यूटीवर राहायचं असेल तर ६४० सीसीचे तरी हवेत. कंपनीने एक भाग दुसऱ्यापेक्षा फार मोठा दिलेला नसतो, तेव्हा ३००च्या पुढे जायचं बजेट करताना इंजेक्टर आणि पंप यादीत धराच.

पायरी ८: एमएएफ काढून टाकायचा का?

४५० हॉर्सपॉवरच्या पुढे बरेच जण स्पीड डेन्सिटीवर जातात: मॅनिफोल्डचा दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून पायरी २ मधलंच गणित ईसीयू सतत करतो. सुबारूसाठी कॉबच्या अॅक्सेसपोर्टमध्ये ही सोय आहे. एमएएफचं टोक गेलं, पण मॅप सेन्सरचं, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं आलं. मॅप सेन्सर एकूण दाब मोजतो, म्हणून ‘३ बार’चा सेन्सर समुद्रसपाटीला २ बारच्या बूस्टलाच संपतो. शिवाय एसटीआयचा मूळ इनटेक तापमानाचा सेन्सर एमएएफच्या आतच, टर्बोच्या आधी आहे. स्पीड डेन्सिटीसाठी इंटरकूलरनंतर वेगळा, झटपट प्रतिसाद देणारा सेन्सर लावावा लागतो. कॅम किंवा एक्झॉस्ट बदलला की पूर्ण नकाशा पुन्हा. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका, असं माझं मत.

पायरी ९: वर किती जागा सोडायची

डायनोवर ४.८५ व्होल्टला थांबलो, पाचच्या आत आहोत, झालं? नाही. पुण्यात, साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. १.२ बार बूस्ट म्हणजे एकूण २.१५. तीच गाडी, तोच बूस्ट घेऊन मुंबईत उतरलात की एकूण २.२१, हवा जवळपास तीन टक्के जास्त. त्याहून मोठा फरक थंडीचा. ३५ अंशांच्या दुपारी ट्यून केली आणि इंजिनात जाणारी हवा २० अंशांनी थंड झाली, तर घनता जवळपास सात टक्क्यांनी वाढते. दोन्ही मिळून दहा टक्के. न्यूजर्सीत उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक तर याहून कितीतरी जास्त. म्हणून उन्हाळ्यात ट्यून करत असाल तर सर्वाधिक हवेच्या वर किमान १५ टक्के जागा ठेवा. ती व्होल्टमध्ये मोजू नका, टेबलातल्या ग्रॅममध्ये मोजा, कारण वरच्या टोकाला शेवटच्या थोड्याशा व्होल्टमध्ये बरीच हवा मावते.

भारतात हे करणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी घालतं, आणि ट्यूनमुळे काही बिघडलं तर वॉरंटी आणि विमा या दोन्ही ठिकाणी वाद होऊ शकतो. ट्रॅकची वेगळी गाडी असेल तर उत्तम.

थंडीची पहिली लाट आली की लॅपटॉप पुन्हा जोडा आणि पायरी ४चा पुल पुन्हा घ्या. व्होल्ट आणि ग्रॅम शेजारी शेजारी ठेवून सपाट रेघ शोधा. उन्हाळ्यात न दिसलेली रेघ असेल तर ती आता दिसेल.